कबरीवर घ्यायचं नाव

माझी नात दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, आभाळाला टेकलेल्या एका फ्लॅटमध्ये राहते आणि गेले काही महिने कॉम्प्युटरवर आमची वंशावळ मांडत बसली आहे. चौकोनाखाली चौकोन, चौकोनाला चिकटून चौकोन. मला बोलावून घेते, बिनसाखरेचा चहा देते आणि फौजदारासारखे प्रश्न विचारते. माझ्या आजोबांचा चौकोन भरला, त्यांच्या बायकोचा भरला. आजोबांच्या वरचे दोन मात्र रिकामे राहिले, तेव्हा ती खुर्ची फिरवून मला म्हणाली, "बट हू वॉज हिज मदर?"

मी म्हटलं, आधी या चहात साखर घाल, मग सांगतो.

हाच प्रश्न मला एकदा, चोवीस वर्षांचा असताना, भर मयतीच्या घरात पडला होता. उत्तर आणायला सकाळपासून असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजापर्यंतचा वेळ होता. त्यातलं आता कुणी राहिलेलं नाही, म्हणून बोलायला हरकत नाही. नातीला मी ते नाव सांगितलं. इथे लिहिणार नाही. इथे कुणाचंच लिहीत नाही. ते एक नाव कसं राखलं गेलं हे पाहिल्यावर बाकीच्यांची नावं मिरवायला मला आवडत नाही.

आजोबा इंग्रजांच्या काळात, अंगावरचं पोर असताना, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून गलबतात बसून या मुलखात आले. गलबत एका नाखव्याचं होतं, नाखवा म्हणजे गलबताचा कप्तान. तो बायको, एक तरुण मुलगी आणि हे तान्हं पोर घेऊन अजमानच्या खाडीत उतरला आणि तिथलाच झाला. पोर त्याचाच मुलगा म्हणून वाढलं. पुढे मोठं होऊन दुबईत आलं, तिथल्या देरा भागात दोरखंडं आणि इमारती लाकूड विकू लागलं, आणि आमचं घर उभं राहिलं. इतकं आम्हाला ठाऊक होतं आणि तेवढं पुरत होतं.

पुरत होतं असं म्हणतो, पण त्यात एक काटा होता. नाखव्याच्या मुलीचं, म्हणजे आजोबांच्या बहिणीचं, अजमानमध्येच लग्न झालं, तिला तीन मुलगे झाले. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट: तिच्या थोरल्या मुलाशी माझ्या फुफीचं, म्हणजे अब्बांच्या बहिणीचं, लग्न ठरत आलं होतं. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न ही घरातलीच गोष्ट, त्यात विचारायचं काय? कपडे शिवून झाले होते म्हणतात. आणि त्या बाईने, सख्ख्या आत्याने, ऐनवेळी हे लग्न होणार नाही म्हणून सांगितलं. कारण विचारायला गेलेल्या बायकांना एवढंच म्हणाली, "तो माझ्या आईच्या पोटचा नाही."

झालं. भावाला सगळ्या जमातीसमोर बेवारस ठरवून ती मोकळी झाली. गलबतावर सापडलेलं पोर, कुणी म्हणे विकत घेतलेलं, कुणी म्हणे आणखी काही. आजोबांनी यावर तोंडातून अक्षर काढलं नाही. अब्बा तेव्हा तरुण होते, ते मात्र पेटले. त्या दिवसापासून अजमानच्या घराशी आमचं येणंजाणं बंद झालं. फुफीला पुढे एका विधुराला दिलं, तोही लवकर गेला, आणि ती आमच्याकडेच राहिली. तिच्यासमोर अजमान हा शब्दही कुणी काढत नसे. एखाद्या गावाचंच नाव घरात बंद होतं, म्हणजे बघा.

आजोबा गेले ते उन्हाळ्यात, पहाटे फजरच्या बांगेनंतर. दुबईच्या खाडीवरचा पूल तेव्हा नवा होता. आमच्या गल्लीत वीज यायला लागली होती, पण बर्फ अजून टोपलीत भुसा घालून यायचा. त्या उकाड्यात मयत ठेवणं शक्यच नव्हतं. असरनंतर दफन असं ठरलं. मी एका इंग्रजी कंपनीत टायपिस्ट होतो. मॅनेजरला निरोप पाठवला आणि ओसरीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसवायच्या कामाला लागलो.

आणि दारात अजमानचे चाचा उभे राहिले. तेच, ज्यांच्याशी फुफीचं लग्न ठरलं होतं. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीने लाल, मागे दोन धाकटे भाऊ. इतक्या वर्षांनी आले होते. मयतीला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवता येत नाही, म्हणून अब्बांनी सलामाला जबाब दिला आणि तोंड फिरवलं. मी त्यांना चटईवर बसवलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता. आजोबा जिवंत असताना कुठे होते हे लोक?

थोड्या वेळाने मौलवीसाहेब अब्बांजवळ सरकले. हे आमच्याच कोकणातले, दाभोळकडचे, आवाज खणखणीत. म्हणाले, "तलकीनसाठी नाव सांगून ठेवा. मय्यतच्या आईचं."

आता हे तलकीन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या नातीलाही ते ठाऊक नव्हतं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. आमच्यात कबर बुजवून झाली की मौलवी उशाशी बसतात आणि आत निजलेल्याला हाक मारून समजावतात, की आता तुला विचारतील तुझा रब कोण, तुझा दीन कोणता, तर घाबरू नकोस, असं असं सांग. ही हाक बापाच्या नावाने नसते. जन्मभर माणूस बापाचं नाव लावून फिरतो, पण मातीखाली त्याला आईच्या नावाने हाक मारतात. अमक्या बाईच्या मुला. दुबईचे अरब शेजारी हे करत नाहीत, ते मिट्टी देऊन बाजूला उभे राहतात. आम्हाला मात्र त्याशिवाय माणूस पोचता झाला असं वाटत नाही.

अब्बांनी नाखव्याच्या बायकोचं नाव सांगितलं. दुसरं कुठलं सांगणार?

"ते नाव घेऊ नका," मागून आवाज आला.

चाचा. त्यांनी आवाज चढवला नव्हता, पण ओसरीवर कुराण वाचणारेसुद्धा थांबले. "ती माझी नानी. मामू तिच्या पोटचे नव्हते. माझी आई जन्मभर सांगत आलीय. नमाज, दफन, सगळं करू, मी खांदा द्यायला आलोय. पण कबरीवर खोटं नाव नको."

अब्बा उठले. मी मध्ये पडलो नसतो तर त्यांनी हात उगारला असता. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता. "बापाचं मढं घरात आहे म्हणून," ते म्हणाले, "नाहीतर आज तुला..."

मौलवीसाहेबांनी दोघांना खाली बसवलं. मग सावकाश म्हणाले, "शक आला. आता मी ते नाव घेऊ शकत नाही. आईचं नाव माहीत नसेल तर त्यालाही रस्ता आहे. हव्वाचा मुलगा म्हणून हाक मारायची. आपण सगळे तिचीच लेकरं."

आदिमाता हव्वाचा मुलगा. ऐकायला किती छान. पण ते कुणासाठी म्हणतात हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. खाडीच्या तोंडाशी वाहून आलेल्या अनोळखी मुडद्यांना जमात मिट्टी द्यायची तेव्हा म्हणत. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी. दोनअडीचशे माणसांसमोर आजोबांना तशी हाक मारली असती तर त्या बाईने पंचवीसएक वर्षांपूर्वी केलेल्या बदनामीवर आम्हीच शिक्का मारल्यासारखं झालं असतं. अब्बांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं आणि परत पाहायची इच्छा नाही.

"आई जिवंत आहे," चाचा म्हणाले. "तिला विचारा. ती जे नाव देईल त्याला मी साक्ष राहीन. सगळ्यांच्या पुढे उभा राहून आमीन म्हणेन."

"त्या दारात मी पाय ठेवणार नाही," अब्बा म्हणाले.

"मी जातो," मी म्हटलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, त्यामुळे विचार वगैरे काही केला नव्हता.

मागच्या दारात चपला घालताना फुफीने माझी बाही धरली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज कोरडा होता. "ती बाई काही सांगणार नाही," ती म्हणाली. "रस्त्यात एखादं नाव मनाशी ठरव आणि तिने दिलं म्हणून सांग. खोटं तर खोटं. माझ्या बापाला हव्वाच्या हवाली करू नकोस."

चाचांची लँडरोव्हर होती. तेव्हा शारजाच्या पुढे रस्ता असा नव्हताच. टायरांच्या खुणा पाहून जायचं, आणि भरती असली की किनाऱ्याकडची खारवट जमीन आतून ओली होऊन वरून कोरडी दिसायची. गाडी तिच्यावर गेली की बसली. मी सूर्याकडे बघत होतो, चाचा जमिनीकडे. आणि शारजा मागे पडल्यावर एका जागी त्यांचाही अंदाज चुकला. मागची चाकं अर्धी आत गेली.

उतरलो. चाचांनी एकेक टायरमधली हवा सोडली, कारण मऊ टायर जमिनीवर पसरतो आणि पकड घेतो. मी हातांनी चिखल उपसत होतो. हात मिठाने चरचरत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मनात एकच चाललं होतं: तिकडे पाणी तापवलं असेल, मयताची आंघोळ, गुसल, झालं असेल, कफन बांधलं असेल. चाकाखाली गोणपाट घातला, मी ढकललं, गाडी हलली, पुन्हा बसली. मी अरबीत, हिंदीत आणि मराठीत शिव्या दिल्या. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि अचानक विचारलं, "तुझी फुफी कशी आहे?"

"कशी असणार?" मी म्हटलं. "बाप मेलाय तिचा."

त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा खणायला लागले. तिसऱ्या खेपेला गाडी सुटली. "यल्ला, बस," ते म्हणाले, आणि गाडी अजमानकडे वळवली.

घर खाडीकाठी होतं, पुढचा भाग दगडाचा, मागे खजुरीच्या झावळ्यांच्या खोल्या. त्यातल्या शेवटच्या खोलीत बाजेवर ती बसली होती. घरातले सगळे तिला बडी मा म्हणत. लहानखुरी, डोळ्यांत मोतीबिंदू, हातात झावळीचा पंखा. मनात मी तिला एक धिप्पाड, कजाग बाई म्हणून रंगवलं होतं. ही तर फुंकर मारली तर उडेल अशी.

चाचांनी मी कोण ते सांगितलं. पंखा थांबला. आणि तेव्हा मला कळलं की आजोबा गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. वय झालंय, सोसणार नाही म्हणून मुलं सकाळी गुपचूप निघाली होती. ते काम चाचांनी आता माझ्यावर ढकललं आणि भिंतीकडे बघत उभे राहिले. मी सांगितलं. अशा बातमीला जी काही वाक्यं असतात ती सगळी मी विसरलो होतो.

ती रडली नाही. म्हणाली, "शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

"अब्बांनी."

"प्यायला का? तोंड उघडलं त्याने?"

"दोन चमचे घेतले."

तिने मान डोलावली. मग मुलाला म्हणाली, "तू जा. वाटेत सोडली असशील ती हवा भर टायरात. याला परत जायचंय ना." चाचा बाहेर गेले, तरी ती पंप सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत गप्प बसून राहिली. पंपाचा सूं सूं आवाज यायला लागला तेव्हा म्हणाली, "बोल. कशासाठी आलास?"

मी तलकीनचं सांगितलं. अब्बांनी कुठलं नाव दिलं, तिच्या मुलाने ते कसं अडवलं, मौलवी काय म्हणतायत, असर किती जवळ आली. पंखा एकदा उलटा, एकदा सुलटा. माझा जीव टांगणीला लागला होता आणि ही पंखा न्याहाळत होती.

"बडी मा, वेळ नाही."

"मला ठाऊक आहे वेळ नाही," ती म्हणाली. "तुझ्या बापाने माझ्या आईचं नाव दिलं. मी तेव्हाच सांगितलं होतं, तो माझ्या आईच्या पोटचा नाही."

माझा ताबा सुटला. म्हाताऱ्या माणसाशी असं बोलू नये, पण बोललो. "मग कुणाच्या पोटचा? आकाशातून पडला? तुमच्या एका वाक्यापायी माझ्या फुफीचं आयुष्य गेलं, आजोबा मान खाली घालून मेले, आणि आज त्यांना कबरीत घालायला नाव नाही. कुणाच्या पोटचा होता तो?"

तिने पंखा खाली ठेवला. उजवा हात उचलला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. "याच्या," ती म्हणाली.

बाहेर पंप चालूच होता. मी बाजेच्या पायथ्याशी खाली बसलो.

तिने जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं, जणू खूप आधीच मनात बांधून ठेवलं होतं. तेराव्या वर्षी तिचा निकाह झाला होता, खाडीपलीकडच्या गावात. पंधराव्या वर्षी मूल झालं. प्लेगच्या साली नवरा, सासू, सासरा एका आठवड्यात गेले, आणि ती तान्हं घेऊन बापाच्या घरी आली. बाप नाखवा, त्याला दूरचे किनारे ठाऊक. त्याने ठरवलं, पोरीचं आयुष्य असं जाऊ द्यायचं नाही. गाव सोडला. गलबतावर पोर आपल्या बायकोच्या मांडीवर दिलं, आणि अजमानमध्ये उतरताना ती कुंवारी बहीण आणि पोर तिचा धाकटा भाऊ झालं होतं. तसाच तिचा दुसरा निकाह झाला. नवरा मरेपर्यंत त्याला कळलं नाही.

"आणि फुफीचं लग्न..."

"काका-पुतणीचा निकाह लागू देऊ?" ती म्हणाली. "माझा थोरला हा त्याचा भाऊ ना! एका पोटचे दोघं. मामाची मुलगी कसली, पुतणी होती ती त्याची. हराम झालं असतं. मला दुसरं काय सांगता येत होतं? जे खरं होतं तेवढंच सांगितलं. त्याचा अर्थ लोकांनी आपल्या मनाने लावला."

लोकांनी. म्हणजे आम्हीसुद्धा. त्या वाक्यात शिवी आहे असं सगळ्यांनी धरलं, कारण आमच्या जमातीत पोटाबद्दल कुणी बोललं की ती शिवीच असते.

"आजोबांना ठाऊक होतं?"

"लग्न मोडलं त्याच रात्री तो एकटा आला. चपला काढल्या, इथे बसला. काही विचारलं नाही मला. मी वाढलं ते जेवला. जाताना माझ्या हातावरून हात फिरवला आणि गेला. परत आला नाही. आला असता तर त्याच्या तोंडून आई असं निघालं असतं, म्हणून आला नाही. मला माहीत आहे." आता तिचा चेहरा हलला. पण ती लगेच सावरली. तिलाही असर दिसत होती.

"तुमचं नाव सांगू?" मी विचारलं.

मला तोवर समजायला लागलं होतं की मी काय मागतोय. तिचं नाव घेतलं की कबरीपाशी उभे असलेले तिचे तीन मुलगे ते ऐकणार. आपली आई कुणाला फसवून आपल्या बापाच्या घरात आली, हे त्यांना दोनअडीचशे माणसांत कळणार. आणि नाही घेतलं तर तिच्या पोटच्या पोराला बेवारस म्हणून हाक मारली जाणार, तीही तिच्या मुलाने अडवलं म्हणून. बाहेर पंप थांबला. चाचांनी हाक दिली, "झालं का?" आम्ही दोघंही दचकलो.

तिचे ओठ हलत होते. मला वाटलं दुआ पढतेय. मग ती म्हणाली, "थांब. थांब जरा. येतंय." आणि एक नाव घेतलं. ते तिलाच अनोळखी वाटलं असावं, कारण तिने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

"हे कुणाचं?"

"माझंच. नवरा गेला तेव्हा कुराण शिकवणारी मोलानी म्हणाली, पोरीला नाव भारी पडलं, बदला. गलबतावर चढण्यापूर्वी बदललं. तेव्हापासून कुणी या नावाने मला हाक मारली नाही. पण त्याला जन्म दिला तेव्हा मी हीच होते. कबरीत त्याला हे चालेल." मग तिने माझं मनगट पकडलं. त्या हाताला एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "मी आहे तोवर कुणाला नाही. तुझ्या बापालाही नाही."

मी शब्द दिला. ती गेल्यावर, पुढे काही वर्षांनी, मी पहिल्यांदा फुफीला सांगितलं. फुफी तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "मला आपलं वाटायचं, मी काळी म्हणून." पण ते पुढचं.

परतताना चाचांनी किनारा सोडून आतली वाट धरली. लांबची होती, पण घट्ट. दोन्ही हातांनी चाक धरून ते गाडी हाणत होते. शेवटी राहवलं नाही त्यांना. "काय नाव सांगितलं आईने?"

त्यांना सांगणं भाग होतं, साक्ष त्यांची होती. मी नाव घेतलं. घेताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

त्यांनी ते नाव पुटपुटलं. "ही कोण? कधी ऐकलं नाही."

"गावाकडची. प्लेगमध्ये विधवा झाली. नाखव्याने पोर सांभाळलं." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

"निकाह झालेला होता?"

"होता."

"अल्हम्दुलिल्ला," ते म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले. "खलास. म्हणजे मामू कुणाचे तरी होते. मग आईने एवढं साधं का नाही सांगितलं तेव्हा? किती वर्षं फुकट गेली रे." मी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या शेजारी बसून ते सहन करणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं.

आम्ही पोचलो तेव्हा जनाजा उचलला होता. मी चिखलाच्या हातांनीच खांदा दिला. नमाज झाली, मिट्टी झाली. अब्बांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कानात नाव सांगितलं. "कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांची आई." त्यांनी पुढे विचारलं नाही. मौलवीसाहेबांनी विचारलं, "साक्ष कोण?" आणि अजमानचे चाचा पुढे आले. म्हणाले, "मी. माझ्या आईने सांगितलं. मी ग्वाही देतो."

अरब शेजारी रिवाजाप्रमाणे बाजूला सरकले. मौलवीसाहेब ओल्या मातीशी उशाला बसले आणि त्यांनी आपल्या त्या खणखणीत आवाजात आजोबांना हाक मारली. त्या बाईच्या मुला. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा. ते नाव कितीतरी वर्षांनी माणसांमध्ये, उघड्यावर, मोठ्याने घेतलं जात होतं, आणि मला भीती वाटत होती की आत्ता कुणीतरी वळून बघेल. कुणीही बघितलं नाही. तिचे तीन मुलगे माझ्या समोर ओळीने उभे होते, हात पसरून, डोळे मिटून. मग दुआ सुरू झाली. मौलवीसाहेब म्हणाले, या बाईच्या मुलाला माफ कर, आणि त्याच्या आईवर रहम कर. मला हुंदका आवरेना. सगळ्यांनी आमीन म्हटलं. चाचांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.